माझ्या रंगाची बाटली

दारात अनोळखी गाडी थांबली की मला आजही भीती वाटते. मी सभेत बोलते, पत्रकं लिहिते, कचेरीत साहेबाच्या टेबलासमोर उभी राहून उत्तर घेतल्याशिवाय हलत नाही; पण जीपचं दार धाडकन लागल्याचा आवाज आला की पाय आधी आतल्या खोलीकडं वळतात, आणि मग मला आठवतं की आता आपल्याला आत जा म्हणणारं कुणी नाही. आठवणी लिहायचं तुझं वय नाही, असं आमच्या संघटनेतली जुनी मंडळी म्हणतात. नसेल. पण ही भीती माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे, आणि ती लिहून ठेवायला आणखी किती म्हातारं व्हायचं ते मला कळत नाही.

आमचं घर तासगावच्या बाहेर, चुलत्यांच्या बेदाणा शेडला लागून. मी त्या शेडातच वाढले म्हटलं तरी चालेल. उन्हाळ्यात सगळीकडं रखरखाट असायचा, आणि शेडात मात्र हिरव्या जाळीतून गाळलेला, विहिरीच्या तळासारखा उजेड. एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर द्राक्षं सुकत पडलेली, गंधकाच्या धुरीचा घशात बसणारा वास, आणि खाली गोणपाटावर निवडणीला बसलेल्या बायका. हिरवा बेदाणा एकीकडं, पिवळा एकीकडं, काळा पडलेला वेगळा. बोलता बोलता त्यांची बोटं चालायची. आई त्यांच्यातच असायची. मी तिच्या मागं भिंतीला टेकून बसायचे, कारण बाहेर ऊन होतं आणि ऊन मला भाजायचं. अर्धा तास अंगणात खेळलं की संध्याकाळी गालांवर फोड. बाकीची पोरं चिंचा पाडायला जायची, आणि मी रंगाप्रमाणं वेगळ्या होणाऱ्या बेदाण्यांकडं बघत बसायचे. त्या वयातही मला वाटायचं, आपण यातल्या कुठल्या ढिगाऱ्यात?

सरळच सांगते. मला जन्मापासून रंग नाही. गोरी नव्हे, रंगच नाही. कातडीला, केसांना, डोळ्यांना जो रंग शरीर आपला आपण तयार करतं, तो माझं शरीर करत नाही. याला अल्बिनिझम म्हणतात. तो लागण होणारा रोग नाही आणि कुणाच्या पापाचं फळही नाही. हे वाक्य मी इतक्या पत्रकांत छापलंय की झोपेतही म्हणेन, पण तेव्हा आमच्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भुवया मक्याच्या कणसाच्या केसांसारख्या, नजर अधू, जाड भिंगांचा चष्मा, आणि तो सारखा नाकावरून घसरायचा. बारशाला आत्यानं नाव ठेवलं शामल. दृष्ट लागू नये म्हणून की आशेनं, ते तिनं कधी सांगितलं नाही. शाळेत मला मडम म्हणायचे. घरी आई महिन्याला माझ्या केसांना काळी मेंदी थापायची, तिचा कुजकट ओला वास उशीला दोन-दोन दिवस यायचा.

माझी थोरली बहीण विद्याताई अण्णांसारखी सावळी. अण्णा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, हातांच्या रेषांत कायमचं काळं तेल. बायका निवडणीला बसल्या की आमच्या दोघींवर हमखास बोलायच्या. देवानं एकीचा रंग काढून दुसरीला दिला. दोघींत सारखा वाटला असता तर दोन्ही उजवल्या असत्या. आई हसायची, म्हणजे दात दाखवायची. मला राग यायचा तो नंतर, मोठेपणी. तेव्हा फक्त भीती वाटायची, की हे खरंच माझ्यामुळं झालंय.

ती भीती पक्की झाली एका स्थळामुळं. ताईला बघायला माणसं आली होती, पोह्यांच्या बशा फिरल्या होत्या, आणि मी शाळेतून पुढच्याच दारानं आत शिरले. डोक्यावर उन्हाची टोपी, लाल झालेलं तोंड, भुवयांना रंग नाही. मला चेहरे लांबून दिसत नाहीत. पण खोलीतलं बोलणं बंद पडलेलं मला दिसतं. थोड्या वेळानं पाहुण्यांना अचानक दुसरीकडं जायचं काम आठवलं. बशांमधले पोहे तसेच. आईनं ते शेजारच्यांच्या शेळ्यांना घातले, आणि आम्हाला कुणालाच त्या रात्री जेवण गेलं नाही. 'माझ्यामुळं' हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. उच्चारला असता तर मी भांडले तरी असते.

मग कोरेगावचं स्थळ आलं. मुलगा फौजेत, रजेवर आलेला, शांत. बघाबघीच्या दिवशी मला सकाळपासून शेडात, जाळ्यांच्या मागं ठेवलं होतं. तिथून मी जीप आल्याचं ऐकलं, कपबशांचा आवाज ऐकला, जीप गेल्याचं ऐकलं. ताई पसंत पडली. पण सुपारी फोडायला यायच्या आधी मुलाच्या आईचा निरोप आला, की धाकटी दिसली नाही. या खेपेला घरातली सगळी माणसं बघायची आहेत. सुपारी फुटली की लग्न ठरलं, त्यामुळं त्याआधी जे बघायचं ते बघून घ्यायची रीतच आहे. निरोप ऐकून आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

दहिवडीची बेबीआत्या त्यासाठी मुद्दाम आली. तिचा नवरा मुंबईला गोदीत, ती एकटीनं माणच्या दुष्काळात शेरडं सांभाळणारी; तिला कुठल्याच गोष्टीची अडचण वाटायची नाही. ती म्हणाली, त्यात काय, पोरगीला फाउंडेशन लावू, लग्नात नवऱ्या लावत्यात तसलं. "लोकं गोरं व्हायला पैसा घालत्यात. आपुन हिचा गोरेपणा झाकायला घालू." सगळे हसले. मीही हसले. मला तर आतून आनंदच झाला होता, हे आज कुणाला खोटं वाटेल. मला झाकून घ्यायचं नव्हतं. मला बाकीच्या मुलींसारखं आरशासमोर बसायचं होतं. गालावरचे भाजल्याचे लाल चट्टे तेवढे बुजावेत आणि बाकी मी मीच राहावं, अशी बाटली कुठंतरी असेल असं वाटत होतं.

ताई मला घेऊन सांगलीला गेली. पेठेत हळदीच्या पोत्यांच्या हातगाड्या, सगळ्या हवेला हळदीचा कडसर वास, आणि त्यातच एक बांगड्या-टिकल्या-पावडरचं दुकान. काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडं बघितलं, मग ताईकडं, मग पुन्हा माझ्याकडं. तिनं सगळ्यात फिका रंग काढून माझ्या जबड्याखाली बोटभर लावला. ताईनं मला दारातल्या उजेडात नेलं. भिंतीवर चिखलाचं बोट ओढावं तसं दिसत होतं. दुसरा लावला तर गुलाबी, भाजल्यासारखाच. तिसरा, चौथा. माझ्या गळ्यावर रंगाऱ्यानं नमुने मारावेत तशा रेघा झाल्या. "याच्याफुडं गोरा शेड येत न्हाई ओ ताई," मुलगी म्हणाली. तिच्या मागच्या भिंतीवर सगळ्या नळ्यांच्या चित्रांत बायका गोऱ्या होत चाललेल्या होत्या. गोरं व्हा, आणखी गोरं व्हा, एवढीच सगळ्यांची हाक. त्या रस्त्याच्या शेवटी खरोखर कुणी उभं असेल, हे त्या नळ्या बनवणाऱ्यांच्या मनातही आलं नव्हतं. हा राग आजचा आहे. तेव्हा मी फक्त गळा पुसत होते आणि रस्त्यावरचं कुणी बघतंय का याला भीत होते.

मग ताईनं सहज स्वतःच्या गालाला त्याच नळीतलं बोट लावलं. तिचा गाल राखाडी पडला, थंडीत फुटलेल्या कातडीसारखा. तिच्या रंगाचंही त्या दुकानात काही नव्हतं. आम्ही दोघी आरशात बघत राहिलो. एकाच नळीतलं लेपण, तिच्या तोंडावर राख आणि माझ्या तोंडावर गूळ. ताईला हसू फुटलं. ती म्हणाली, "ही कुणासाठी करत्यात गं मग?" त्याचं उत्तर शोधण्यात माझी पुढची सगळी वर्षं गेली, असं म्हणायला हरकत नाही. त्या दिवशी मात्र आम्ही तीच नळी घेऊन एसटीत बसलो.

सुपारीच्या दिवशी आत्यानं ती नळी स्टीलच्या ताटलीत पिळली. नुसतं लावलं तर मी आजारी दिसते, असं तिचं म्हणणं. तिनं त्यात चिमूट-चिमूट हळद घातली, कणीक तिंबावी तशी बोटानं कालवली, हातावर लावून बघितली, आणखी हळद घातली. शेवटी गव्हाळ रंग जमला. तो तिनं माझ्या कपाळापासून गळ्यापर्यंत थापला. भुवया पेन्सिलीनं काढल्या. आई दारातून बघत होती, तिच्या तोंडून निघून गेलं, "आगं, ही तर आपल्यातली दिसाय लागली." आईला वाईट काही म्हणायचं नव्हतं. म्हणून तर ते अजून लक्षात आहे.

माझे हात गुंतलेले राहावेत म्हणून आत्यानं मला स्वयंपाकघरात विडे करायला बसवलं. ओल्या फडक्यातलं पान काढायचं, देठ खुडायचा, बोटानं चुना फिरवायचा, सुपारीचं खांड ठेवून घडी करायची, लवंग टोचायची. चुलीवर आई शिरा हलवत होती, त्यात आमच्याच शेडातले बेदाणे फुगत होते. जीप आली. दार लागलं, दुसरं लागलं, तिसरं लागलं. मला दरदरून घाम सुटला. चष्मा नाकावरून घसरायचा, मी तो बोटानं वर सरकवायचे, पुढचं पान घ्यायचे. पुन्हा घसरायचा. त्यावेळी ज्याच्या-त्याच्या कानात एकच होतं, बाहेर काय बोलतायत. माझ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

बाहेरून अण्णांनी हाक मारली. मी ताट घेऊन गेले. मुलाच्या आईसमोर वाकले, आणि खोलीतलं बोलणं बंद पडलं. तीच शांतता. मला ती लगेच ओळखू आली.

"आगं पोरी," त्या बाई म्हणाल्या, "रगत येतंय की नाकातनं."

मी हात नाकाला लावला. त्याच बोटानं. त्या उठल्या, पाण्याच्या तांब्यात पदराचं टोक भिजवलं आणि माझं नाक पुसलं. लाल आणखी पसरलं. त्यांनी पदर नाकाशी नेऊन हुंगला. हळदीच्या मुलखातल्या बाईला यापेक्षा जास्त काही लागत नाही. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आमच्याकडं रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. आणि त्या सकाळी आमच्या घरातल्या तीन बायकांपैकी एकीच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. पाहुण्यांतला कुणी एक पुरुष हसला, म्हणाला, तोंडावरच कुंकवाचा कारखाना काढलाय. पण बाई हसल्या नाहीत. त्या पुसत राहिल्या. नाक, मग गाल, मग कपाळ, भांडं विसळावं तसं. पदराखालून माझा पांढरा रंग निघत गेला. आत्या कसंबसं म्हणाली, "आवं, जरा पावडर लावलीवती पोरीनं." मी ताट धरून उभी होते.

"ह्ये कोड हाय का?" बाईंनी विचारलं. मला नाही, अण्णांना.

आतल्या दारातून ताई बाहेर आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता. "कोड न्हाई," ती म्हणाली. "जल्मापसनं अशीच हाय ती. आन कोड असतं तरी माझी भनच असती."

इथं जरा थांबते. अल्बिनिझम असलेल्यांच्या आमच्या संघटनेच्या पत्रकाचं पहिलं वाक्य 'हे कोड नव्हे' असं असावं, यावर अजून बैठकीत भांडण होतं. मी दर वेळी विरोध करते. कोड असलेल्या माणसाला मागं ढकलून मला पुढं यायचं नाही. लोक विचारतात, हा मुद्दा कुठल्या पुस्तकात वाचलास. ताई बारावी नापास होती.

पुरुष उठून अंगणात गेले. जीपशी उभं राहून बोलले. तळहातावर तंबाखू चोळल्याचा आणि थाप मारल्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग आत येऊन म्हणाले, कळवतो. सुपारी फुटली नाही. विडे ताटात तसेच राहिले. मला वाटलं, हेही आता शेळ्यांना जाणार. आत्या मोरीवर ती ताटली साबणानं घासत होती, तर तीही लाल झाली. तिनं ती तशीच टाकली आणि तिथंच बसून डोळ्याला पदर लावला. मला कुणी रागावलं नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. अण्णांनी आयुष्यात पान खाल्लं नव्हतं. त्यांनी ताटातला एक विडा उचलला, तोंडात घातला, सावकाश चावला. "लवंग जरा जास्त हाय," म्हणाले. "बाकी ब्येस."

मग होकार आला, पण अट घालून. लग्नात नवरीच्या मागं कऱ्हा घेऊन उभी राहते ती करवली, नवरीची पाठची बहीण. ती दुसरी कुणीतरी असू दे. आत्याची मुलगी आहेच. धाकटीनं पुढं येऊ नये, फोटोत तर नकोच. अण्णांनी फोनवर मान खाली घालून 'बरं' म्हटलं. ताईनं स्वतःचा मोबाइल घेतला आणि सगळ्यांसमोर मुलाला फोन लावला. करवली शामल, फोटोत शामल, पटत नसलं तर आजच सांगा, असं म्हणाली. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी ताईच्या मागं लागले, की मी राहते आत, मला तिथं यायचंच नाही. ते खरं होतं. मांडवात उभं राहण्याची मला जेवढी भीती होती, त्याहून जास्त भीती हे दुसरं स्थळ माझ्यापायी मोडण्याची होती. ताई म्हणाली, "तुला कोण इचारतंय?"

ते दिवस मी शेडात काढले. निवडणीच्या बायका माझ्यादेखत एकदम गप्प व्हायच्या. रस्त्यावर गाडी वाजली की मी जाळ्यांच्या मागं. एका दुपारी मोटारसायकल थांबली, मी मागं सरले, आणि बूट थेट शेडातच आले. तो फौजी होता, कोरेगावाहून एकटाच आलेला. घरात न जाता तो माझ्यापुढं गोणपाटावर बसला. मूठभर बेदाणे घेतले, खाल्ले.

"उनात किती येळ चालतं तुला?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, चालतच नाही.

"राजस्थानात माझं नाक सोलून निघालंतं. लय जळतं." त्यानं आणखी दोन बेदाणे तोंडात टाकले. "मग दुपारचा मुहूर्त नको. गोरजचा धरू, सांच्याला. आईला सांगितलंय मी. ती रुसलीया, पर यील."

एवढंच बोलून तो घरात गेला. मी तिथंच बसून राहिले. माझ्यासाठी कुणीतरी सूर्य मावळायची वाट बघणार होतं, आणि मला तेही भीतीदायक वाटत होतं.

गोरज मुहूर्तावर मी ताईच्या मागं कऱ्हा घेऊन उभी राहिले. तोंडाला काहीही लावलं नव्हतं. मंगलाष्टकं होईपर्यंत कऱ्ह्यावरच्या दिव्याची ज्योत मी धरल्यामुळं हलते की वाऱ्यानं, ते मला कळत नव्हतं. गोड शेवट करायची मला सवय नाही, म्हणून हेही लिहिते, की ताईच्या सासूबाई पुढं कितीतरी दिवस माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. आता पितात. माफी त्यांनी कधी मागितली नाही, मीही मागायला लावत नाही.

ताई आता साताऱ्यात राहते. मध्यंतरी तिनं मला तिथल्या एका दुकानात ओढून नेलं. तिथं बाटल्यांची रांगच्या रांग होती, काळ्याभोर रंगापासून दुधापर्यंत. मुलीनं शेवटची बाटली काढून माझ्या जबड्याखाली बोट फिरवलं. ताईनं सवयीनं मला पायरीवर, उजेडात नेलं. डोळे बारीक करून बघितलं, माझा चष्मा काढून बघितलं. "कुठं लावलंय तेच कळंना की गं," ती म्हणाली. मग तिनं स्वतःसाठीही एक बाटली घेतली, तिच्या रंगाची. दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत घातल्या.

संघटनेतल्या काहींना हे आवडलं नाही. प्रसाधनांच्या जाहिरातींविरुद्ध पत्रक काढतेस आणि स्वतः लावतेस? मी सांगितलं, मला झाकणाऱ्या लेपाविरुद्ध मी आहे. माझ्याच रंगाच्या लेपाविरुद्ध नाही. पटलं तर ठीक.

परवा साताऱ्यात आमची सभा होती. भाजलेल्या चट्ट्यांवर मी ती बाटली लावून गेले. व्यासपीठावर ताई शेजारच्या खुर्चीत, पाहुणी म्हणून. बाहेर कुणाच्या तरी गाडीचं दार लागलं. मला घाम फुटला, चष्मा घसरला, मी बोटानं वर सरकवला, आणि नेहमीसारखं बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मला वाटायचं, ही खोड कुणाला माहीत नाही. ताई माझ्याकडं झुकली होती. तीही बोटाकडंच बघत होती.

"काय न्हाई न्हवं?" तिनं हळूच विचारलं.

मी बोट तिच्यापुढं धरलं. तिनं ते आपल्या पदरानं उगीचच एकदा पुसलं, आणि माझं नाव पुकारलं गेलं.